‘टॅलेंट’ हा शब्द मुळात पैशाचा होता

आरक्षणावरचा कोणताही वाद घ्या, तो शेवटी एका शब्दावर येऊन अडतो. आपल्या आईवडिलांच्या वेळी तो शब्द ‘गुणवत्ता’ होता. मंडलच्या काळात तो ‘मेरिट’ झाला. आता कॉलेजच्या कट्ट्यावर, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, लग्नाच्या पंगतीत बसलेल्या सुशिक्षित काकांच्या तोंडी तो ‘टॅलेंट’ झाला आहे. ‘देशातलं टॅलेंट बाहेर चाललंय’, ‘टॅलेंटला जात नसते’, ‘टॅलेंट असेल तर कोणी अडवत नाही’. ही वाक्ये ऐकली नाहीत असा आपला एकही तरुण मला भेटलेला नाही.

‘मेरिट’ या शब्दाशी निदान भांडता येते. मेरिट म्हणजे टक्के, यादी, कट-ऑफ. आज कितीतरी परीक्षांत अनुसूचित जातींचा कट-ऑफ खुल्या गटाच्या जवळ येऊन ठेपला आहे, तो कागद समोरच्याच्या पुढे ठेवता येतो. ‘टॅलेंट’ मात्र कागदावर नसते. ते कोणाकडे तरी ‘असते’ आणि कोणाकडे तरी ‘नसते’. का असते, कुठून आले, हे विचारायचे नसते, कारण ते नैसर्गिक आहे असे गृहीत धरलेले असते. पोहायला शिकलेल्या माणसाला आपण ‘कुठे शिकलास’ असे विचारतो, माशाला विचारत नाही. ‘टॅलेंट’ हा शब्द काही माणसांना मासा ठरवतो.

आपल्याला आयुष्यभर दाखले काढावे लागतात. एकदा या शब्दाचाही दाखला काढून पाहू.

हा शब्द इंग्रजीत आला तो लॅटिनमधून, आणि लॅटिनमध्ये ग्रीकमधून. ग्रीक ‘टालान्टोन’ म्हणजे तराजू, आणि तराजूत तोलायचे वजन. पुढे त्या वजनाची चांदी हाच हिशेबाचा परिमाण झाला. अथेन्सचा एक टॅलेंट म्हणजे सुमारे २६ किलो चांदी. त्याचे ६००० द्राख्मा होत, आणि एक द्राख्मा म्हणजे साधारण एका कसबी कामगाराचा दिवसाचा रोज. वर्षाला ३०० दिवस काम धरले तर एक टॅलेंट म्हणजे वीस वर्षांची मजुरी. आजच्या भाषेत सांगायचे तर, रोज पाचशे रुपये धरा, तीस लाख रुपये होतात. मूळचा टॅलेंट हा असा होता. तो डोक्यात नव्हता, तिजोरीत होता.

तिजोरीतला टॅलेंट डोक्यात गेला तो बायबलमधल्या एका दृष्टान्तामुळे. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात येशू ही गोष्ट सांगतो. एक मालक परदेशी निघतो. जाताना आपल्या तीन दासांना बोलावतो आणि आपली संपत्ती त्यांच्या हवाली करतो. एकाला पाच टॅलेंट, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. पहिले दोघे व्यापार करून रक्कम दुप्पट करतात. तिसरा जमिनीत खड्डा खणून आपला टॅलेंट पुरून ठेवतो. मालक परत येतो, पहिल्या दोघांना शाबासकी देतो, तिसऱ्यावर संतापतो, त्याचा एकुलता एक टॅलेंट काढून घेऊन ज्याच्याकडे दहा झाले आहेत त्याला देतो, आणि याला बाहेर अंधारात हाकलतो.

चर्चमध्ये शतकानुशतके या गोष्टीवर प्रवचने झाली. प्रवचनकार सांगत की टॅलेंट म्हणजे देवाने माणसाला दिलेली कुवत, ती पुरून ठेवू नका, वापरा. ऐकता ऐकता लोकांनी रूपकालाच अर्थ मानले. पंधराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत ‘टॅलेंट’ म्हणजे अंगची देणगी असा अर्थ रुळू लागला, आणि पुढे नाण्याचा अर्थ फक्त शब्दकोशात उरला.

माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा तपशील प्रवचनात हरवून गेला. मालक टॅलेंट वाटतो ते ‘प्रत्येकाच्या कुवतीप्रमाणे’. म्हणजे गोष्टीत कुवत वेगळी आहे आणि टॅलेंट वेगळा आहे. कुवत दासाची, टॅलेंट मालकाचा. कुणाची कुवत किती हेही मालकानेच आधी ठरवलेले आहे, कोणतीही परीक्षा न घेता. आणि पाच टॅलेंटवाल्याने पाच मिळवले, दोनवाल्याने दोन मिळवले. दोघांचा नफा शंभर टक्केच आहे. फरक कर्तृत्वात नाही, सुरुवातीच्या भांडवलात आहे. शेवटी पहिल्याकडे दहा दिसतात, तेव्हा बघणारा म्हणतो, बघा किती टॅलेंटेड आहे. तो शब्दशः बरोबर बोलत असतो! टॅलेंट त्याच्याकडे आहेतच. फक्त ते दिले कोणी हे विचारायचे राहून जाते.

तिसऱ्या दासाबद्दलही दोन शब्द बोललेच पाहिजेत. तो मालकाला तोंडावर सांगतो की तू न पेरता कापणारा माणूस आहेस. काही आधुनिक अभ्यासक म्हणतात की या गोष्टीत खरा माणूस हा तिसराच, कारण शोषणाचा हिशेब उघडपणे मांडणारा तोच एकटा आहे. तो धर्मशास्त्राचा वाद आहे, त्यात मी पडत नाही. पण समाजशास्त्र शिकलेल्यांना आठवत असेल की रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये याच अध्यायावरून ‘मॅथ्यू इफेक्ट’ ही संज्ञा बनवली. आधीच नावाजलेल्या वैज्ञानिकाला त्याच कामाचे जास्त श्रेय मिळते आणि अनोळखी वैज्ञानिकाला कमी, हे त्यांना दाखवायचे होते. ज्याच्याकडे आहे त्याला आणखी, ज्याच्याकडे नाही त्याचे आहे तेही जाते. आपल्याकडे हे कळायला एम.ए. करावे लागत नाही.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आपणही अर्धवट इतिहास सांगणाऱ्यांत जमा होऊ. ‘टॅलेंट’ हा शब्द एके काळी क्रांतिकारक होता. १७८९ च्या फ्रेंच मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या सहाव्या कलमात म्हटले आहे की सर्व सार्वजनिक पदे सर्व नागरिकांना खुली असतील आणि त्यांच्यात भेद होईल तो फक्त सद्गुण आणि टॅलेंट यांच्यावरून. सरदाराच्या पोटी जन्मला म्हणून सेनापती, ही पद्धत मोडायला तो शब्द वापरला गेला. जन्माविरुद्ध उगारलेले ते हत्यार होते. त्या अर्थाने ‘टॅलेंटला जात नसते’ हे वाक्य १७८९ मध्ये आपल्या बाजूचे होते.

ते हत्यार परत जन्माच्या हातात गेले ते एकोणिसाव्या शतकात. १८६९ मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांचे ‘हेरेडिटरी जीनियस’ हे पुस्तक आले. गाल्टन डार्विनचे नात्याने भाऊ. त्यांनी नामवंत न्यायाधीश, मुत्सद्दी, सेनानी, कवी, वैज्ञानिक घेतले आणि त्यांच्या नात्यागोत्यात आणखी किती नामवंत निघतात ते मोजले. बरेच निघाले. त्यावरून निष्कर्ष काढला की बुद्धिमत्ता रक्तातून येते. न्यायाधीशाच्या मुलाला वकिली मिळवून देणारा मामा असतो, ही गोष्ट त्यांना फारशी महत्त्वाची वाटली नाही. अंगी खरी कुवत असेल तर सामाजिक अडथळे तिला रोखू शकत नाहीत, असे त्यांचे ठाम मत होते. ‘टॅलेंट असेल तर कोणी अडवत नाही’ हे लग्नाच्या पंगतीतले वाक्य तिथून आले आहे. याच गाल्टननी पुढे १८८३ मध्ये ‘युजेनिक्स’ हा शब्द घडवला. त्या शब्दाने विसाव्या शतकात काय केले ते सगळ्या जगाला माहीत आहे.

हा विचार इंग्रजांबरोबर आपल्याकडे आला तेव्हा त्याला जागा शोधावी लागली नाही. ती आपल्या भाषेत आधीपासून तयार होती.

मराठीत एखादा मुलगा मुळातच हुशार असेल तर आपण काय म्हणतो? ‘जात्याच हुशार आहे.’ हा ‘जात्या’ म्हणजे संस्कृत ‘जाति’ शब्दाची तृतीया. जात्या म्हणजे जातीने, जन्माने. खरा कलावंत असेल तर ‘जातिवंत कलावंत’. चांगला घोडा असेल तर ‘जातिवंत घोडा’. चांगले वागणारा ‘कुलीन’, रीतभात असलेला ‘घरंदाज’, आणि चांगल्या गोष्टीला ‘खानदानी’. आपण आंबेडकरवादी कार्यकर्तेही भाषणात बिनदिक्कत म्हणतो, ‘अमुक जात्याच बंडखोर होते.’ मी शब्दांवर बंदी घाला म्हणत नाही, भाषा अशी धुऊन निघत नाही. पण इंग्रजीला ‘टॅलेंट’मधला पैसा विसरायला कित्येक शतके लागली, मराठीला ‘जात्याच’मधली जात कधी विसरावीच लागली नाही, कारण ती कोणाला खटकलीच नाही.

मग या दोन कल्पना एकत्र आल्यावर काय झाले? एक निकाल लगेच लागला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. काही जमाती जन्मानेच चोर असतात, हे त्या कायद्याचे गृहीतक. सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा विणकर, तसा चोराचा मुलगा चोर, हा तर्क इंग्रज अधिकाऱ्यांनी उघड मांडला, आणि तो त्यांना जातिव्यवस्थेनेच पुरवला होता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्याला लागू करण्याचा मार्ग मोकळा झाला. सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारा त्याच कायद्याच्या. १९५२ मध्ये तो रद्द झाला, पण पारधी वस्तीवर रात्री पोलीस येतात तेव्हा गाल्टनच येत असतो. ‘उपजत कौशल्य’ या कल्पनेची ही दुसरी बाजू टॅलेंटचे गोडवे गाणाऱ्यांना कधी आठवत नाही. काहींच्या रक्तात कलेक्टर असतो असे मानले, की काहींच्या रक्तात दरोडा असतो हेही मानावेच लागते.

दुसरा निकाल आपल्या घरातला आहे.

महार समाज ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात पहिल्यापासून होता. १८१८ चे कोरेगाव आपण सगळे जाणतो, त्यावर मी वेगळे लिहीत नाही. कोरेगावच्या स्तंभापेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती पलटणीतली शाळा. सैनिकांच्या मुलांना तिथे शिक्षण मिळे. गावच्या शाळेत ज्यांची सावली चालत नव्हती त्यांची मुले पलटणीत पाटीवर अक्षरे गिरवत होती. सुभेदार रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. पगार, पेन्शन आणि शाळा. दृष्टान्ताच्या भाषेत सांगायचे तर तिसऱ्या दासाच्या हातात पहिल्यांदा एक टॅलेंट पडला होता.

आणि मग लष्करात ‘मार्शल रेस’चा सिद्धान्त आला. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स यांचा त्यात मोठा वाटा. काही वंश जन्मतः लढवय्ये असतात, काही नसतात. पठाण, शीख, गुरखे लढवय्ये. दक्षिणेकडचे आणि खालच्या मानलेल्या जातींचे लोक नाहीत. १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. शंभर वर्षे ज्यांनी लढाया लढल्या त्यांच्या अंगात लढण्याची उपजत कुवत नाही, असे एका टेबलावर ठरले. बाबासाहेबांचा जन्म १८९१ चा, महूच्या छावणीतला. भरती बंद झाली तेव्हा ते पाळण्यातून नुकते उतरले असतील. हीच बंदी वीसपंचवीस वर्षे आधी आली असती तर सुभेदार रामजी हे सुभेदार नसते, आणि पुढचा इतिहास काय झाला असता याचा विचार मला करवत नाही.

निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये या बंदीविरुद्ध अर्ज तयार केला. त्या अर्जात एक गोष्ट आहे जी आज वाचताना टोचते. महार हे मूळचे क्षत्रिय, असा दावा त्यात केला होता. जन्माचा आधार घेऊन ज्यांनी हाकलले त्यांच्यापुढे जन्माचाच पुरावा ठेवावा लागला. वलंगकरांना दोष द्यायला मी हे लिहीत नाही. ‘विटाळ विध्वंसन’ लिहिणारा तो माणूस, त्याचे ऋण फेडणे अवघड आहे. पण ‘उपजत’ या कल्पनेची पकड अशी असते की तिच्याशी भांडतानाही तिचीच भाषा बोलावी लागते. पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. म्हणजे गरज पडल्याबरोबर रक्तात लढवय्येपणा आला! युद्ध संपले, १९२१ मध्ये पलटण मोडली, लढवय्येपणा गेला. दुसरे महायुद्ध आले, बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर होते, त्यांनी पाठपुरावा केला आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. तेव्हापासून आजपर्यंत ती आहे. पन्नास वर्षांत एका समाजाचे ‘नैसर्गिक कौशल्य’ चार वेळा बदलले. एवढ्या झपाट्याने बदलणारी गोष्ट निसर्गात नसते, सरकारी आदेशात असते.

आता कोणी म्हणेल, पण काही माणसे खरोखरच वेगळी असतात ना? असतात. पळवणकर बाळू होते. चर्मकार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर सर्व सामने मिळून त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले, तेही तो संघ बहुतेक सामने हरत असताना. क्रिकेटचे जाणकार त्यांना भारताचा पहिला मोठा गोलंदाज मानतात. याहून नैसर्गिक टॅलेंट कोणते?

पण बाळूंचे टॅलेंट कसे तयार झाले ते पाहा. पुण्याच्या युरोपियन लोकांच्या क्लबात ते महिना चार रुपयांवर नोकर होते. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, जाळी लावायची. साहेब सरावाला आले की त्यांना गोलंदाजी टाकायची. जे. जी. ग्रेग नावाचा नामांकित इंग्रज फलंदाज तासन् तास त्यांची गोलंदाजी खेळत असे. फलंदाजी साहेबांची, गोलंदाजी बाळूंची. बॅट त्यांच्या हातात कोणी देत नव्हते. रोजची शेकडो षटके, आणि समोर तिथला उत्तम फलंदाज. हेच त्यांचे भांडवल. ते अपघाताने मिळाले, एका नोकराला मिळाले, आणि त्याने त्याचे दहापट करून दाखवले. पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबने त्यांना संघात घेतले ते युरोपियनांना हरवायचे होते म्हणून. मैदानात त्यांनी हाताळलेला चेंडू सगळे घेत; चहाच्या वेळी त्यांना पॅव्हेलियनबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना दिले गेले नाही. धाकटे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले, तेही बराच वाद झाल्यानंतर. (हेच बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध उभे राहून हरले, हेही सांगून टाकतो, कारण कोणीतरी विचारणारच.)

बाळूंच्या उदाहरणाने अडचण त्यांची होते, आपली नाही. ‘टॅलेंट असेल तर कोणी अडवत नाही’ म्हणणाऱ्यांनी सांगावे की चहाचे भांडे वेगळे का होते.

आणखी एक गोष्ट. आपल्या लोकांना ‘उपजत’ हा शब्द लावला जातच नाही असे नाही, लावतात. ‘यांच्या रक्तातच ढोलकी आहे’, ‘यांच्या रक्तातच हलगी आहे’, ‘आवाज काय, देवाची देणगी’. कौतुक असते ते. पण व्यवहार बघा. सवर्ण घरातल्या मुलाकडे ‘टॅलेंट’ असते तेव्हा त्याचे पॅकेज वाढते. मातंग घरातल्या हलगीवाल्याकडे ‘उपजत कला’ असते तेव्हा त्याची सुपारी पाडून मागतात, कारण त्याला काय, त्याच्या रक्तातच आहे, कष्ट कुठे पडतात! बारा वर्षे बापासोबत उन्हातान्हात वाजवून हाताला पडलेले घट्टे कोणी शिक्षण म्हणून मोजत नाही. एकाच शब्दाने वर मजुरी चढते आणि खाली उतरते.

मग पाच टॅलेंट कोणाला मिळाले होते, आणि दिले कोणी? महाराष्ट्रापुरता हिशेब तर सरळ आहे. पेशवाईत ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. राज्य गेल्यावर इंग्रजांनी तो निधी पुरता बंद केला नाही. त्याच निधीतून १८२१ मध्ये पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, आणि सुरुवातीला तिथे विद्यार्थी ब्राह्मणच होते. इकडे जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. फी भरायला तो तयार होता. मुंबई सरकारने त्याला दाद दिली नाही. एका मुलासाठी बाकीच्यांची शाळा मोडायची का, असा एकूण सूर होता. त्या मुलाचे नावही आपल्यापर्यंत आले नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुल्यांनी याच दुखण्यावर बोट ठेवले. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून, आणि शिक्षणाचा खर्च होतो वरच्या वर्गाच्या मुलांवर. म्हणजे टॅलेंट वाटणारा मालक सरकार असले तरी तिजोरी भरणारे आपले पणजोबाच होते.

लंडनच्या आयसीएसचेही तसेच. १८५० च्या दशकात ती स्पर्धा परीक्षा सर्वांना खुली झाली. फक्त परीक्षेला लंडनला जायचे होते. भारतात ती परीक्षा द्यायची सोय १९२२ मध्ये झाली. खुली स्पर्धा, बस्स.

या सगळ्या प्रश्नाचे सर्वात नेमके विश्लेषण १९३६ मध्ये झालेले आहे, आणि ते आपल्या घरात कपाटात आहे. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ मध्ये बाबासाहेब समतेवरचा नेहमीचा आक्षेप स्वतःहून घेतात: सगळी माणसे सारखी नसतात, मग समता कशी? ते हा आक्षेप उडवून लावत नाहीत. माणसे सारखी नसतात हे मान्य करतात. पण विचारतात की माणसाची शक्ती येते कुठून? तीन गोष्टींतून: शरीराचा वारसा, समाजाकडून मिळालेला वारसा म्हणजे आईबापांची देखभाल, शिक्षण, साचलेले ज्ञान, आणि तिसरे म्हणजे त्याचे स्वतःचे प्रयत्न. प्रयत्नांतल्या फरकाप्रमाणे माणसांना वेगळे वागवले तर एक वेळ समजू शकते. पण पहिल्या दोन गोष्टींतल्या फरकाप्रमाणेही वेगळे वागवले तर शर्यत कोण जिंकेल? ज्याच्याकडे घराणे, शिक्षण, ओळखीपाळखी आणि वडिलोपार्जित पैसा आहे तोच. ती निवड लायकांची नसेल, सवलतवंतांची असेल. म्हणून सुरुवातीलाच सर्वांना शक्य तितके समान वागवा, तरच समाजाला आपल्या माणसांकडून पुरेपूर मिळेल.

हा परिच्छेद मी अभ्यासिकेतल्या प्रत्येक नव्या बॅचला वाचायला लावतो. ‘सवलत’ हा शब्द आपल्याला चिकटवला जातो, आणि बाबासाहेब तो उचलून नेमका जिथला आहे तिथे ठेवतात. त्याच पुस्तकात आर्यसमाजी मंडळींचा समाचारही आहे. ते म्हणत, वर्ण जन्मावर नाही, गुणावर आहे. बाबासाहेब विचारतात, गुणावर आहे तर मग ब्राह्मण, क्षत्रिय ही जन्माची नावे कशाला ठेवता? ‘टॅलेंट’वाल्यांना आज हाच प्रश्न विचारता येतो. टॅलेंट जन्मावर नाही म्हणता, मग कार्यालयातल्या वरच्या खुर्च्यांवर तीच तीच आडनावे का?

आपल्यातलेही काहीजण बाबासाहेबांना चमत्कार करून टाकतात, ते मला पटत नाही. अलौकिक बुद्धी, दैवी देणगी वगैरे. असे म्हटले की त्यांना घडवणारे सगळे पुसले जाते. पहाटे उठवून शिकवणारे रामजी. बुद्धचरित्र हातात ठेवणारे केळुस्कर गुरुजी. सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती, कोलंबियासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड. घर चालवणारी रमाई. यातले एक वजा केले तर काय उरते ते मोजा. बाबासाहेबांनी ते स्वतः मोजले होते, म्हणूनच सत्तेत गेल्यावर ‘टॅलेंट’ शोधायला निघाले नाहीत, निधी मागायला निघाले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी पैसा आणि परदेशी शिष्यवृत्त्या मिळवल्या. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ ची आहे. मग १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये सिद्धार्थ, १९५० मध्ये औरंगाबादचे मिलिंद.

गंमत अशी की ‘उपजत कल मोजणाऱ्या’ परीक्षा ज्या देशाने जगाला दिल्या त्यानेच त्या शब्दापासून पाय मागे घेतला. अमेरिकेची एसएटी ही परीक्षा १९२६ मध्ये सुरू झाली तेव्हा नावात ‘अ‍ॅप्टिट्यूड’ होते. ती बनवणारे कार्ल ब्रिगम हे उत्तर युरोपीय वंश बुद्धीने श्रेष्ठ असे पुस्तक लिहून बसले होते. १९३० मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष निराधार असल्याचे स्वतः लिहिले. १९९० च्या दशकात परीक्षेच्या नावातून ‘अ‍ॅप्टिट्यूड’ काढले गेले. आणि आपल्या यूपीएससीने २०११ मध्ये तोच शब्द ‘सीसॅट’मध्ये आणून बसवला! प्रादेशिक भाषांतून शिकलेल्या मुलांनी २०१४ मध्ये दिल्लीत आंदोलन केले, तेव्हा कुठे २०१५ पासून तो पेपर फक्त ३३ टक्क्यांनी पात्र ठरण्यापुरता झाला. चार वर्षांत किती मुलांचे वय निघून गेले त्याची यादी कोणी केलेली नाही.

जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नीटच्या अखिल भारतीय कोट्यातले ओबीसी आरक्षण कायम ठेवताना म्हटले की स्पर्धा परीक्षेतले गुण कुटुंबाकडून मिळणारे सामाजिक, आर्थिक, सांस्कृतिक भांडवल दाखवत नाहीत, आणि मेरिटचा अर्थ सामाजिक संदर्भात लावला पाहिजे. निकाल चंद्रचूड आणि बोपण्णा या न्यायमूर्तींचा. वाद घालणाऱ्याने तो मोबाइलमध्ये ठेवावा. त्यात ‘भांडवल’ हा शब्द आहे. टॅलेंट पुन्हा आपल्या मूळ अर्थाकडे आला, तोही न्यायालयामार्फत.

शेवटी आत्ताची एक गोष्ट, कारण हा सगळा उद्योग मी तिच्यामुळे केला. आमच्या अभ्यासिकेत येणारी एक मुलगी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील नाहीत, आई भाजीची गाडी लावते. शिष्यवृत्तीचे पैसे कॉलेजकडे आले नाहीत म्हणून तिचे हॉलतिकीट अडवले होते. मी सोबत गेलो होतो. खिडकीतला क्लार्क तिला म्हणाला, “टॅलेंट असतं तर ओपनमधून आली असतीस, मग हे कागद घेऊन फिरावं लागलं नसतं.” तो फार दुष्ट माणूस होता असे मला वाटले नाही. तो जे सगळे म्हणतात तेच म्हणत होता. मी त्याला विचारले, ओपनमधल्या मुलाची फी कोण भरतो? तो म्हणाला, “त्याचा बाप.” मी म्हटले, मग त्या मुलाचा टॅलेंट त्याचा बाप आहे, हिचा टॅलेंट समाजकल्याण खात्यात अडकला आहे, तो कधी सुटतो एवढंच सांगा.

हॉलतिकीट मिळाले, दुसऱ्या दिवशी, हमीपत्र लिहून दिल्यावर. पेपर झाले, ती सगळ्या विषयांत पास आहे. शिष्यवृत्तीचा दुसरा हप्ता अजून आलेला नाही.